बाटलीतली श्वेंटीने

नदी समुद्राला मिळताना बघायची असेल, तर ओहोटीला जावं. भरतीला नदी दिसतच नाही. समुद्र आत घुसलेला असतो आणि सगळं पाणी आपल्याच बापाचं असल्यासारखा मिरवत असतो. ओहोटीला तो मागे सरतो, चिखल उघडा पडतो, खारफुटीची मुळं वर येतात आणि मधून नदीची खरी धार वाहताना दिसते. चिपळूणच्या शाळेत भूगोल शिकवत होते तेव्हा प्रत्येक वर्गाला मी हे सांगायचे. वेळ काढायची रीतही शिकवायचे. ती पाठ्यपुस्तकात नव्हती, आमच्या खाडीकाठच्या माहेरी होती. तिथीची पाऊणपट करायची, जेवढे येतील तेवढे वाजता पूर्ण भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. मुलांना पाऊणपट करता यायची नाही, त्यामुळे भूगोलाचा निम्मा तास गणितात जायचा.

ही रीत मी जर्मनीत घेऊन गेले. तिथे ती चुकली आणि ती चुकली म्हणूनच माझ्या घरात माझ्यामागे काय शिजत होतं ते मला कळलं.

नवरा माझा चिपळूणचाच, पण मोटारींचा इंजिनिअर. लग्न झाल्यावर लोक माथेरानला जातात, आम्ही वाशिष्ठीच्या काठाने चालत गेलो. उगमापासून मुखापर्यंत, शनिवार-रविवार करत, पावसाळा सोडून. कल्पना माझी होती. उगमाच्या झऱ्यातलं पाणी त्याने एका बाटलीत भरून घेतलं आणि शेवटच्या दिवशी दाभोळच्या धक्क्यावरून, ओहोटी गाठून, आम्ही ते खाडीत ओतलं. आम्ही नेलं नसतं तरी ते पाणी आपल्या पायांनी तिथे पोचलंच असतं. पण आम्हाला कोण आनंद झाला होता!

त्या वाटेवर पोफळी हे गाव लागतं. तिथे डोंगराच्या पोटातून कोयनेचं पाणी येऊन वाशिष्ठीला मिळतं. कोयना खरी पलीकडच्या अंगाची नदी. तिने कृष्णेला मिळावं आणि पार बंगालच्या उपसागरापर्यंत जावं, अशीच जमीन तिकडे उतरलेली आहे. विजेसाठी माणसांनी सह्याद्रीतून बोगदे खणले आणि तिचं पुष्कळसं पाणी इकडे, अरबी समुद्राकडे फिरवलं. वर्गात हे सांगितलं की एखादी मुलगी हटकून विचारायची, "बाई, मग तिकडच्या लोकांना चालतं का?" मी म्हणायचे, वीज सगळ्यांनाच लागते, पुढचा मुद्दा लिहून घ्या.

नवऱ्याला जर्मनीत, नेकारसुल्मच्या मोटारींच्या कारखान्यात काम मिळालं तेव्हा आम्ही पुन्हा दाभोळला गेलो होतो. मी जायला तयार नव्हते. कायम नोकरी होती, जीव लावणारी मुलं होती, आणि भूगोल सोडून मला दुसरं काही येत नव्हतं. "तीन वर्षं," तो म्हणाला. "तू बिनपगारी रजा टाक. चौथ्या वर्षीच्या जूनला तू तुझ्या वर्गात उभी असशील." धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर बसून त्याने ओंजळीत खाडीचं पाणी घेतलं, संकल्प सोडल्यासारखं खाली सोडलं आणि हसला. मीही हसले. पण मी ते खरं धरलं होतं.

नेकारसुल्ममध्ये आमच्या खिडकीतून नेकार नदी दिसायची. पण ती ऱ्हाईनला मिळते, ऱ्हाईन हॉलंडातून जाते, म्हणजे मुखापर्यंत चालत जायचं तर नोकरीच सोडायला हवी. मला समुद्रापर्यंत पायी नेणारी, बेताची नदी हवी होती. मी नकाशे काढून बसले. आमच्याबरोबर आलेली पाच वर्षांची लेक तोवर किंडरगार्टनमधून शाळेत गेली होती. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र जर्मनमधून यायचं. नकाशावर बोट ठेवून मी विचारायचे, "ही कुठे जाते सांग?" आणि ती म्हणायची, "इन्स मेअर." समुद्रात. बरोबर उत्तर, फक्त माझ्या भाषेत नाही.

तेव्हा मला फ्योर्डे सापडली. आमच्या पाठ्यपुस्तकात फियॉर्डवर दोन ओळी आणि नॉर्वेच्या उंच कड्यांचं एक धुरकट चित्र होतं. जर्मनीच्या उत्तर टोकाला, बाल्टिकच्या काठाला त्याच घराण्यातल्या पण गरीब स्वभावाच्या खाड्या आहेत, त्यांना तिकडे फ्योर्डे म्हणतात. कडे नाहीत, उंची नाही. पूर्वी तिथे बर्फाच्या जिभा होत्या, त्यांनी मऊ जमीन खरवडली. मळलेल्या पिठावरून अंगठा दाबून ओढावा तशा त्या खाचा पडल्या. बर्फ वितळलं आणि समुद्र आत आला. आपल्या खाडीचं तसं नाही. तिथे खोरं नदीनेच खोदलेलं असतं, समुद्र मागाहून चढून आत येतो. म्हणजे खाडीत नदी ही मूळची मालकीण आणि फ्योर्डेत ती मागून आलेली भाडेकरू. हे मला एवढं आवडलं की जूनमध्ये परत गेल्यावर पहिल्याच तासाला फळ्यावर दोन्हींची चित्रं शेजारी शेजारी काढायची, हे मी ठरवूनही टाकलं.

कील शहराच्या फ्योर्डेला मिळणारी नाव घेण्याजोगी नदी एकच, श्वेंटीने. बुंग्सबर्ग नावाच्या टेकडीवर तिचा उगम आहे. तिथले लोक तिला डोंगर म्हणतात, आपण म्हणावं. वर मनोऱ्यावर चढलं की समुद्र अगदी जवळ दिसतो. आमच्या कोकणातली नदी असती तर सरळ उतरून अर्ध्या दिवसात मोकळी झाली असती. ही बाई मात्र समुद्राकडे पाठ फिरवते, आत जाते, एका तळ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात रमतगमत फिरते आणि सावकाश कीलला पोचते. उगमापाशी नवऱ्याने बाटली भरली. लेकीने तिच्यावर चिकटपट्टी लावून रंगीत पेनने नदीचं नाव लिहिलं.

उन्हाळ्याच्या, ईस्टरच्या अशा सुट्ट्या साधून आम्ही टप्पे करत गेलो. दिवसभर ट्रेनने उत्तरेला जायचं, एखादी फेरियनवोनुंग, म्हणजे सुट्टीपुरतं भाड्याचं घर घ्यायचं आणि काठाने चालायचं. बीच नावाच्या झाडांची जंगलं, तळ्यांवर हंस, बाकावर बसून डब्यातल्या दशम्या खायच्या. लेक पुढे पळायची. त्या सुट्ट्यांइतकी सुखी मी त्या देशात दुसऱ्या कशानेच नव्हते. रात्री त्याच्याकडे वळून मी म्हणायचे, "परत गेलो की सावित्री नदी करू." तो म्हणायचा, "करू की."

शेवटचा टप्पा उरला होता. प्रेत्सपासून कीलपर्यंत. प्रेत्स हे चांगलं हसतंखेळतं गाव आहे, नावावर जाऊ नये. त्या टप्प्याच्या आधीच्या दिवाळीत आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी एकटी चिपळूणला गेले. लेकीला तिथे हर्ब्स्टफेरियन, शरदाची सुट्टी होती, ती बाबाकडे राहिली. मी मुख्याध्यापक सरांच्या घरी फराळ घेऊन गेले. "जूनला येते सर," म्हटलं. ते म्हणाले, "या बाई, वाट बघतोय. नववीच्या पोरांना अक्षांश-रेखांश अजून तुमच्यासारखे कोणी समजावत नाही." मी तरंगतच घरी आले.

ईस्टर आला. ईस्टरच्या आसपास पौर्णिमा असतेच आणि त्या वर्षी ईस्टरच्या आदल्या शनिवारीच हनुमान जयंती आली होती. मी पंचांग बघून तोच दिवस धरला. पौर्णिमा म्हणजे उधाण, पाणी जेवढं चढेल तेवढंच उतरेल. सव्वाअकराला भरती, म्हणजे पाचच्या पुढे ओहोटी. त्या बेताने निघायचं, मुखाशी पाचला पोचायचं आणि ओसरत्या पाण्यात बाटली ओतायची. हे सगळं मी नवऱ्याला सांगितलं, लेकीला कागदावर चित्र काढून समजावलं. त्याने मान डोलावली. "गेनाऊ," म्हणाला. अगदी बरोबर. त्याला तेव्हाच ठाऊक होतं की माझं गणित तिथे चालत नाही. मी चंद्राचा हिशेब मांडत होते आणि तो मला मांडू देत होता. त्या दिवसातलं बाकी बरंच मी पुढे गिळलं, हे मात्र अजूनही गिळवत नाही.

तर आम्ही चाललो. छान ऊन होतं, पण गार वारा. नदी झाडीतून, बांधांवरून खाली येत होती. शहर लागलं तशी ती रुंद होत गेली. पूल ओलांडल्यावर मी पाठीवरची पिशवी उतरवून नकाशा काढायला लागले, तोवर हा डावीकडे वळून चालू लागला होता. दोन गोदामांच्या मधली अरुंद वाट, एक लोखंडी फाटक, पुढे धक्का. मला वाटलं, इंजिनिअरचं नाक आहे, सापडली वाट.

धक्क्यावर पोचलो तेव्हा पाच वाजले होते. एका बाजूने श्वेंटीने येत होती, समोर फ्योर्डे पसरली होती, पलीकडच्या काठावर क्रेन आणि जहाजं. मी पाण्यात रोवलेल्या लाकडी खांबांवर खूण धरली. हिरव्या शेवाळाच्या रेषेला पाणी लागलं होतं. सव्वापाच झाले, पाणी तिथेच. साडेपाच झाले, पाणी तिथेच. मी पुन्हा पाऊणपट केली. पौर्णिमेची पाऊणपट चुकायला मी काही सहावीतली मुलगी नव्हते.

"अगं, इथे नाही होत तसं," तो म्हणाला. "बाल्टिकला भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच. पाणी वाऱ्यावर चालतं. पश्चिमेचा जोराचा वारा सुटला की बाहेर ढकललं जातं. मागच्या वेळी तर हे खांब पार खालपर्यंत उघडे पडले होते."

मी पाण्याकडेच बघत होते. "मागच्या वेळी म्हणजे?"

तेवढ्यात लेक रस्त्याच्या बाजूने धावत आली. तिथे एक बसथांबा होता, त्याच्याकडे हात करत ती ओरडली, "पापा, दास इस्ट डोख उन्झेरे हाल्टेश्टेले!" पापा, हा तर आपला थांबा! आणि लगेच तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. माझ्याकडे बघितलं. डोळे खुशीने चमकत होते. किती महिने पोटात ठेवलेली गोष्ट आता बाहेर पडणार म्हणून ती जागच्या जागी उड्या मारत होती. "युबरराशुंग!" ती म्हणाली. सरप्राइज.

मी चिपळूणला आईच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालत होते तेव्हा हे दोघं इथे आले होते. त्याची मुलाखत होती, जहाजांच्या इंजिनांच्या कंपनीत. काम मिळालं. मग घर बघितलं, लेकीची शाळा बघितली, कोणत्या बसने जायचं तेही बघितलं. या थांब्यावर उभं राहून त्याने तिला सांगितलं, आईला एवढ्यात सांगायचं नाही, मज्जा करायची. माझ्या आठ वर्षांच्या मुलीला त्याने माझ्याविरुद्ध फितवलं होतं आणि तिला वाटत होतं आपण आईसाठी काहीतरी छान करतोय.

"कधी सांगणार होतास?" मी विचारलं.

"आजच. इथेच. आल्झो, म्हणजे... म्हणून तर तुला इथवर आणलं ना. घराच्या खिडकीतून फ्योर्डे दिसते, बघ तू. तुला खाडी आवडते."

"सही केलीस?"

"हो."

"नेकारसुल्मचं घर?"

"क्युंडिगुंग दिली. जुलैअखेर रिकामं करायचं." सोडायची नोटीसही देऊन झाली होती. "चिडू नको ना. तिकडे परत जाऊन मला काय मिळणार आहे? आणि हिचं काय? ही मराठी शाळेत बसेल?"

"मला विचारलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

एवढं खरं मात्र तो बोलला. मला इतका संताप आला की हातातली बाटली त्याच्या डोक्यात घालावी असं वाटलं. काचेची नव्हती. लेक समोर होती. मी धक्क्याच्या टोकाला गेले आणि फोन काढला. तिकडे रात्रीचे नऊ वाजले होते, सर जेवून बातम्या बघत असणार. मला त्यांना एवढंच सांगायचं होतं की काहीही झालं तरी जूनच्या पहिल्या दिवशी मी वर्गात हजर आहे. एकदा बोलून टाकलं की मला मागे फिरता आलं नसतं.

"अहो बाई," सर गोंधळून म्हणाले, "पण तुमच्या मिस्टरांचा फोन आला होता की. तुम्ही दिवाळीहून परत गेलात त्यानंतर लगेच. म्हणाले, ती आता येणार नाही, तिला तुम्हाला सांगायला संकोच वाटतोय म्हणून मी बोलतोय. मी तसं संस्थेला कळवलं. जूनपासून नवीन बाई घेतल्यात."

"सर, मला एक फोन करायचा होतात."

"मिस्टरांनीच सांगितल्यावर तुम्हाला काय विचारायचं, बाई?"

ते अगदी साध्या मनाने बोलत होते. माझ्या नोकरीवर माझ्या नवऱ्याने परस्पर पाणी सोडलं होतं आणि मी शिकवलेल्या शाळेतल्या एकालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मी "बरं सर" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? मागे वळले तर तो लेकीच्या जाकिटाची चेन लावत होता. नेहमीसारखाच दिसत होता.

लेक माझ्याजवळ आली. बाटलीकडे बोट दाखवून म्हणाली, "मामा, दास वासर?" आई, ते पाणी ओतायचं ना?

"आज नाही," मी म्हटलं आणि बाटली पिशवीत टाकली.

त्या रात्री मी लेकीला विचारलं, आपण दोघी चिपळूणला जाऊ, येशील? आजीकडे राहू. तिने नीट विचार केला. मग जर्मनमध्ये म्हणाली, मी येणार नाही, पापाने मला खिडकीजवळची खोली दिली आहे. तिच्यावर रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. आठ वर्षांच्या मुलीला खिडकी हवीच असते. पण मी न्हाणीघराचं दार लावून खूप रडले.

जूनमध्ये मी एकटी चिपळूणला गेले. सगळ्यांना सांगितलं, आईची तब्येत बघायला. बाटली सामानात साड्यांमध्ये गुंडाळून नेली. शाळा सुरू झाली त्या दिवशी मी शाळेत गेले. का गेले, कोण जाणे. सरांनी चहा मागवला, माझी नजर टाळली. भांडले असते, वरपर्यंत अर्ज केले असते तर जागा कदाचित परत मिळालीही असती. सरच तसं पुटपुटले. पण ती मिळवून मी राहणार कुणाकडे होते आणि माझी मुलगी राहणार होती कुठे? व्हरांड्यातून परतताना नववीच्या वर्गातून नव्या बाईंचा आवाज येत होता. चांगला, स्पष्ट आवाज होता. फळ्यावर तिने भारताचा नकाशा काढला होता, किनाऱ्याची रेषा सरळसोट. कोकणातली एकही खाडी आत आलेली नव्हती. आत जाऊन खडू हातात घ्यावा असं मला फार वाटलं.

मग एसटीने दाभोळला गेले. तिथी बघून, पाऊणपट करून गेले होते. पाणी वेळेवर उतरत होतं. चिखल उघडा पडत चालला होता, बायका वाकून तिसऱ्यांचे शिंपले वेचत होत्या, मधून वाशिष्ठीची धार निघाली होती आणि त्या धारेत पोफळीला फिरवून आणलेली कोयनाही होती. ज्या पायरीवर बसून त्याने ओंजळ सोडली होती त्याच पायरीवर मी बसले. झाकण उघडलं आणि श्वेंटीने ओतून दिली. बिचारी टेकडीवरून उतरून, तळ्यातळ्यांतून फिरून आपल्या समुद्राच्या दारापर्यंत आली होती. हाकेच्या अंतरावर होती. तिला मी उचलून परक्या समुद्रात घातलं आणि तिला विचारलं नाही. मला जरा बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

जुलैमध्ये मी परत गेले. ऑगस्टमध्ये आम्ही कीलच्या घरात राहायला आलो. खिडकीतून खरंच फ्योर्डे दिसत होती. खोकी उघडून भांडी लावताना नवऱ्याला रिकामी बाटली सापडली. लेकीने लिहिलेलं नाव चिकटपट्टीवर अजून शाबूत होतं. तो बाटली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आला. "अगं, यातलं पाणी कुठं गेलं?" त्याने विचारलं. "मला वाटलं, आता इथेच आहोत, तर रविवारी तिघं मिळून जाऊ आणि ओतू."

मी कुकरचं झाकण लावत होते. मान वर न करता म्हटलं, "सरप्राइज."